विजेची पाटी आणि तुमचा ‘ळ’

उस्ताद, परवा मी पाटी विकत आणायला गेलो होतो. रंगवायची नव्हे, लिहायची. आणि शाळेतल्या पोरांची दगडी पाटीही नव्हे. ही कॉम्प्युटरला जोडतात. काळी, चपटी, पोळपाटाएवढी जाड नाही पण तितकीच गुळगुळीत. तिच्यावर पेनानं काढायचं आणि ते समोरच्या काचेवर उमटतं. पेनात शाई नाही, ब्रश नाही, रंग नाही, टर्पेंटाइनचा वास नाही. तुम्ही असता तर पहिलं हेच विचारलं असतं, "फिर शाम कू धोना क्या, पाटील?" नात तिला टॅब्लेट म्हणते. "आबा, आज टॅब्लेट घ्यायचाय, आवरा," असं ती म्हणाली तेव्हा मी म्हणालो, "घेतली की सकाळीच, नाष्ट्यावर." ती इतकी हसली की सून लाटणं हातात घेऊनच बाहेर आली.

गोळी मी खरंच घेतो, हातासाठी. दोन वर्षांपासून उजवा हात हलतो. आधी कुणाला दिसत नव्हतं, आता सगळ्यांना दिसतं. डॉक्टर म्हणाले, वय झालं की होतं काहींना, हळूहळू वाढणार, घाबरू नका. घाबरू नका म्हटलं की मला जास्त भीती वाटते हे तुम्हाला माहीतच आहे. पाट्या रंगवायला लाकडी घोडीवर चढताना मी तिचे चारही पाय हलवून बघायचो आणि तुम्ही खालून ओरडायचात, "शादी करनी क्या उससे? चढ ना!" तुम्हाला जाऊन तीस वर्षं होऊन गेली. तुम्ही गेलात त्या वयापेक्षा मी दहा वर्षांनी मोठा झालो, पण अजून गॅसचं बटण तीनदा बघितल्याशिवाय घराबाहेर पडत नाही.

पाटी कशाला, ते सांगतो. नात चित्रकलेच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला आहे. तिथं त्यांना एक अख्खी अक्षरांची माळ तयार करायची असते, अ पासून ज्ञ पर्यंत, अशी की मग कॉम्प्युटरवर कुणीही त्या वळणात टाइप करावं. बाकीच्या पोरांनी कुणी जुनी पोथी घेतली, कुणी शिलालेख घेतला. हिनं सरांना सांगितलं, "मी आमच्या आबांच्या उस्तादांचं अक्षर घेणार." मला विचारलंसुद्धा नाही. लहानपणापासून तुमच्या गोष्टी ऐकल्यात तिनं, तेवढ्यावर ठरवून टाकलं. मग स्कूटीवर शहर पालथं घातलं. शहागंज, गुलमंडी, पैठण गेट, सिटी चौक. तुमची एक पाटी राहिलेली नाही, उस्ताद. सगळीकडं फ्लेक्स. तुम्ही गेल्यावर काही वर्षांतच ते आलं, आणि मीही शेवटी फ्लेक्सच्या चौकटी ठोकायचं काम केलं. शेवटी मोंढ्याच्या बाजारातल्या गुळाच्या दुकानात एक पाटी सापडली. तिथल्या शेठचा नातू गल्ल्यावर बसतो आता. त्यानं गोदामाच्या फुटक्या खिडकीला ती आडवी लावून ठेवली होती. तिच्यावर असतील पंधरा-वीस अक्षरं. नातीनं मोबाइलवर फोटो काढून आणले आणि मला म्हणाली, "बाकीची तुमच्या हातात आहेत ना, आबा?"

हातात आहेत, व्हय. पण हात कुठं आहे? आणि तो रोज थोडा थोडा जातोय. म्हणजे असं झालं की तुमचं अक्षर उरलंय एका माणसाच्या हातात, आणि तो हात चहाचा भरलेला कप धरू शकत नाही. हे लक्षात आल्यापासून मला झोप नाही नीट. कागदावर ब्रशनं करून बघितलं. चार अक्षरांत कागदाची वाट. एक डाग पडला की सगळं परत. नात म्हणाली, टॅब्लेटवर चुकलं तर बटण दाबून मागं जाता येतं, तुमच्या हाताला जमेल असाच घेऊ, तुम्ही स्वतः चालवून बघा. म्हणून गेलो.

दुकान क्रांती चौकाच्या अलीकडं. दुकानदार पोरगेलाच, पण बोलायला पक्का. त्यानं दोन तऱ्हेच्या पाट्या मांडल्या. एक काचेची, तिच्यावर काढलं की तिच्यातच दिसतं, कागदासारखं. दुसरी बिनकाचेची, हात टेबलावरच्या पाटीवर आणि अक्षर समोरच्या पडद्यावर. मी सवयीनं काचेवर नख वाजवलं, आपण पत्रा घेताना वाजवायचो तसं, गंज आहे का आवाजावरून कळायचं. तो म्हणाला, "काका, स्क्रीन आहे ती, टरबूज नाही." नात हसली, मीही हसलो, पण हात आणखी हलायला लागला.

आधी काचेची. पेन टेकवलं आणि पेनाखालीच रेघ. आणि रेघेच्या वर माझा हात. सगळा वेळ मला तोच दिसत होता. नखाशी जुनी जखम आहे ती, फुगलेली शीर, आणि त्याचं ते हलणं. हात बघितला की हात जास्त हलतो. मी ‘क’ काढला आणि तो मुंगी शाईतून चालत गेल्यासारखा दिसला. दुकानदार लगेच म्हणाला, "सवय होते काका." चांगला पोरगा आहे. नातीनं तोंड दुसरीकडं फिरवलं. तेव्हा मी म्हणालो, ती दुसरी दाव. तो म्हणाला, "ही तुम्हाला जमणार नाही काका, खरं सांगतो. हात इथं, नजर तिथं. नवीन पोरांचीसुद्धा आठ-पंधरा दिवस गडबड होते."

आणि उस्ताद, तुमचा रुमाल आठवला मला. तो चौकड्याचा, कायम खांद्यावरचा. मी चोवीस वर्षांचा आहे, लग्न झालेलं, सिल्लोडकडून आलोय, शहरात भिंतींना चुना मारतोय, आणि तुम्ही मला तुमच्या हाताखाली घेतलंय. रोशन गेटच्या तुमच्या अंगणात जुन्या पत्र्यावर मी रेघा ओढतो आहे आणि सारखा बोटांकडं बघतो आहे. तुम्ही उठता, रुमाल माझ्या मनगटावर टाकता. हात झाकला जातो, नुसतं ब्रशचं टोक बाहेर. "हात कू कायकू देखरा रे? हात कू मालूम है वो कहाँ है. अच्छर कू देख." सहा महिने मी रुमालाखाली शिकलो. माझी बायको विचारायची, उस्ताद काय नजर काढतात काय तुमची रोज?

दुकानात मी पडद्याकडं बघितलं आणि हात सोडून दिला. ‘क’ आला. थरथर होती, पण अक्षर उभं होतं, आपल्या पायावर. दुकानदार म्हणाला, "अरे वा काका! पहिल्यांदाच?" मी म्हणालो, "नाय, पन्नास वर्षं झाली." त्याला काही कळलं नाही. बिनकाचेची घेतली, त्यातली सगळ्यात मोठी, कारण अक्षर खांद्यातून येतं, मनगटातून आलं की कोतं होतं, हे तुमचंच. नात म्हणत होती टेबलावर मावणार नाही. मी हटून बसलो. मग त्या पोराला प्रश्न विचारून हैराण केलं. पाणी सांडलं तर? वीज वरखाली झाली तर? पेनाची बॅटरी फुटली तर? तो म्हणाला, "पेनात बॅटरीच नाही काका." मग चालतं कसं? याचं उत्तर ऐकून माझी काळजी वाढलीच. येताना खोकं मी पोटाशी धरलं होतं आणि प्रत्येक खड्ड्याला नातीला "सावकाश गं माय" म्हणत होतो, तेव्हा ती म्हणाली, "आबा, तुम्ही मला एवढं धरून कधी बसला नाहीत."

घरी टेबलावर सगळं मांडलं तेव्हा मी माळ्यावरून तुमची काठी काढली. हात टेकवायची ती, तुम्ही जिला ‘सहारा’ म्हणायचात. हातभर बांबू, एका टोकाला तुमच्या बेगमच्या, आपांच्या, जुन्या ओढणीचा गोळा बांधलेला, रंग ओला असला तरी पाटीला न लागता मनगट वर तोलून धरणारी. ओढणीचा रंग आता सांगता येणार नाही. पाटीच्या दोन्ही बाजूंना जाड वह्या ठेवून मी काठी आडवी टाकली आणि मनगट टेकवलं. नात बघत राहिली. मग तिनं गुपचूप मोबाइल काढून फोटो घेतला.

पहिल्याच दिवशी तिनं मला थांबवलं. "आबा, थांबा थांबा. तुम्ही हे उलटं काढताय." मी घाबरलो, वाटलं काहीतरी मोडलं. ती म्हणाली, "डोक्यावरची रेघ तुम्ही उजवीकडून ओढता. आणि अक्षराची उजवी बाजू आधी." मला कधी लक्षातच आलं नव्हतं, उस्ताद. तुमच्याकडं बघून शिकलो, हात तसाच वळला. तुम्ही मदरशात उर्दू शिकलेले. मराठी तुम्हाला वाचता यायची नाही. गिऱ्हाइकानं दिलेला कागद तुम्ही चित्र बघावं तसा बघायचात आणि पाटीच्या उजव्या काठापासून, शेवटच्या अक्षरापासून, सुरुवात करायचात. रस्त्यात माणसं जमायची, उलट्या बाजूनं अंदाज लावायची. एका हॉटेलवाल्याला अर्धी पाटी वाचून घाम फुटला होता. "अहो, मी टेल कधी सांगितलं?" तुम्ही ब्रश न थांबवता म्हणालात, "सबर करो, हो आरा." आणि मला म्हणायचात, बाकीचे पेंटर शुरू में पेट भर के लिखते, आखिर में अच्छरां भूके मरते, मेरे कने सब कू जगा है. नातीला हे सांगितलं तेव्हा ती उठून खोलीत फेऱ्या मारायला लागली. म्हणाली, म्हणूनच यांच्या अक्षराला तो झोक आहे, आबा, उर्दूच्या हातानं काढलेली मराठी आहे ही! तिला एवढा आनंद झालेला मी बघितला नव्हता.

तुम्हाला वाचता यायचं नाही म्हणून तर मी होतो. सहावी नापास, पण तुमच्यापुढं पंडित. "तू पढ, मैं लिखता." आणि मोंढ्यातल्या त्या गुळाच्या दुकानाची पहिली पाटी, तिच्यात मी ‘गूळ’ला ऱ्हस्व उकार सांगितला. पाटी चढली, शेठ खाली उभे राहून वाचतात आणि पोट धरून हसतात. "उस्ताद, आमचा गूळ केवढा मोठा, तुम्ही त्याला लहान करून टाकला!" तुम्ही त्यांच्यासमोर मला काही बोलला नाहीत. गल्लीच्या वळणावर आल्यावर म्हणालात, "पढने का काम तेरा था, पाटील. मैं अंधा, तू भी अंधा, तो दुकान कौन चलाएगा?" रागावून नाही, कळवळून. दुसऱ्या दिवसापासून मी रात्रशाळेतल्या मास्तरांच्या मागं लागून ऱ्हस्व-दीर्घ शिकलो. आणि शेठ तुमचे दोस्त झाले ते त्या चुकीवरून. मोंढ्यात कुठंही काम असो, अकराच्या सुमाराला शेठचा चहा यायचा आणि तुम्ही त्यांच्या पायरीवर बसून प्यायचात. शेठ म्हणायचे, "या, गूळ लहान करणारे!"

आणि तुमचा ‘ळ’. तो तुमच्या तोंडात कधी बसला नाही. शेठला तुम्ही ‘गूल’ म्हणायचात, मला ‘काला रंग’ मागायचात. पण हातातला ‘ळ’ असा, की शेजारचे पेंटर बघायला यायचे. दोन वाटोळी, उजवं आधी, मग डावं, मध्ये ब्रश न उचलता. "जो मुँह में नई बैठता वो हात में बैठता," असं म्हणून हसायचात.

दुसऱ्या दिवशी पाटीवर अक्षरं अशी उतरायला लागली की माझा मलाच विश्वास बसेना. ‘ग’ सरळ, ‘व’ गोल, रेघ कुठं कापत नाही. मला वाटलं, गोळी लागू पडली. सुनेला ओरडून सांगितलं, "माय, बघ, हात थांबला!" ती आली, तिनं पडद्याकडं बघितलं, मग माझ्या हाताकडं बघितलं. नात म्हणाली, "आबा, मी स्टॅबिलायझर लावलाय." म्हणजे काय, विचारलं. "म्हणजे हात थरथरला तरी रेघ थरथरत नाही. ते मागून हळूच नीट करतं."

"कोण?"

"कोण म्हणजे, सॉफ्टवेअर."

"आणि काढणाऱ्याला कळत नाही?"

"तुम्हाला कळलं का?" ती हसत म्हणाली. "काय फरक पडतो, आबा? अक्षर चांगलं आलं ना?"

मी पेन खाली ठेवलं. चहाची वेळ झाली म्हणालो. सुनेनं चहा आणला, अर्धा कप. हल्ली ती मला अर्धाच कप भरून देते आणि मग स्वतःच येऊन परत अर्धा ओतते. तुमच्या घरी आपा हेच करायच्या. शेवटच्या वर्षांत मी बघायचो, माझा कप काठोकाठ आणि तुमचा अर्धा, आणि त्या चुलीपाशी बसून तुमच्या कपावर नजर ठेवून. मला तेव्हा वाटायचं, तुम्ही चहा कमी केलात.

आता ते लिहितो, ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो. शेठनं दुकान वाढवलं आणि नवी मोठी पाटी तुम्हाला दिली. दुसरा पेंटर त्यांनी बघितलासुद्धा नाही. तुमचा हात तेव्हा हलायला लागला होता. आपण दोघंही त्याबद्दल बोलत नव्हतो. तुम्ही सहारा घट्ट धरून तीन दिवस पाटी लिहिलीत, उजवीकडून, सावकाश. शेवटी राहिला पहिला शब्द, ‘गूळ’. तिसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर तुम्ही ‘ळ’ काढलात. दोन्ही वाटोळी कापत गेली, पाण्यावर सावली पडते तशी. तुम्ही मागं सरून बघितलंत, ‘गू’ पुरा केलात, हात धुतलेत आणि अस्रच्या नमाजाला गेलात. मी घोडी उतरवायला थांबलो होतो. मला त्या ‘ळ’ची लाज वाटली. नाही, हेही खोटं. मला भीती वाटली. सगळा मोंढा बघेल, म्हणतील उस्ताद संपला, आणि मग आपल्याला काम कोण देईल. माझ्या घरी तीन लेकरं होती. मी चिंधी टर्पेंटाइनमध्ये बुडवली आणि तुमचा ओला ‘ळ’ पुसून काढला. पिवळ्या रंगाचा हात देऊन वाळवला, आणि उजेड जायच्या आत माझा ‘ळ’ तिथं बसवला. चांगला आला. अगदी तुमच्यासारखा, तुमच्या चांगल्या दिवसांतल्यासारखा.

सकाळी तुम्ही रस्त्याच्या पलीकडं उभे आहात. हातगाड्या जातायत, हमाल पोती वाहतायत, आणि तुम्ही एकटे वर बघत उभे. मी जवळ येतो. तुम्ही विचारता, "ये ‘ल’ किसका है?" मी म्हणतो, "तुमचाच की, उस्ताद." तुम्ही हसता. तसं हसताना मी तुम्हाला नंतर कधी बघितलं नाही. "मेरा रहता तो हिलता ना, पाटील." त्यानंतर तुम्ही मला आणखी एक गोष्ट विचारलीत. ती मी शेवटी लिहितो, आत्ता धीर होत नाही. मग बगलेतला सहारा काढून माझ्या हातात दिलात. "रख. मेरे कू अब नक्को." आणि शेठच्या दुकानाकडं न बघता निघून गेलात. ब्रश परत हातात घेतला नाहीत. दोन वर्षं जास्त करून अंगणातल्या स्टुलावर बसून होतात. मी दर शुक्रवारी यायचो, आपा मला भरलेला कप द्यायच्या, आपण क्रिकेटवर, महागाईवर, माझ्या लेकरांवर बोलायचो.

नातीला मी त्यातलं काही सांगितलं नव्हतं. काल तिनं गोदामातल्या पाटीचा फोटो पडद्यावर मोठा केला आणि म्हणाली, "आबा, हा ‘ळ’ बघा. बाकीच्या अक्षरांत थोडी थोडी थरथर आहे, पण हा एकदम सफाईदार. मी हाच सगळ्यांचा नमुना धरणार आहे. बाकीची याच्या मापानं नीट करून घेते. उस्तादांचा सगळ्यात भारी ‘ळ’!"

बघा उस्ताद, तीस वर्षांपूर्वी पुसलं ते कमी पडलं. आता माझ्या एका ‘ळ’च्या मापानं ती तुमचं सगळं अक्षर पुसणार होती, आणि तुमच्याच नावानं.

मी म्हणालो, "तो त्यांचा नाय. माझा आहे."

"मग त्यांचा कुठाय?"

"पुसला."

"कुणी?"

"मी."

तिनं खुर्ची माझ्याकडं वळवली. "का पण?"

"हलत होता."

मला वाटलं, आता ही काहीतरी बोलणार, आणि बोलली असती तर बरं झालं असतं. तिनं पडद्यावर कुठंतरी टिचकी मारली, स्टॅबिलायझर बंद केला, आणि पेन माझ्या हातात दिलं. "काढा मग."

मी काठीवर मनगट टेकवलं. हाताकडं बघितलं नाही. उजवं वाटोळं आधी. ते कापत गेलं. वाटलं थांबावं, मागं जायचं बटण दाबावं. मग डावं. तेही कापत गेलं. तुमच्यासारखाच आला असं म्हणणार नाही. तुमची थरथर बारीक होती, माझी जाडजूड आहे, शेतकऱ्याची. पण वळणावर ब्रश जसा क्षणभर अडायचा, पुढं जाऊ की नको म्हणून, तसं पेन अडलं. ते तुमचंच होतं. चिंधी फिरवण्याआधी मी तुमच्या ‘ळ’कडं नीट बघितलं होतं, हे मला काल कळलं. इतकी वर्षं तो हातात कुठंतरी तसाच ओला राहिला असणार. नातीनं तो जपून ठेवला आणि त्याच्याजवळ फोटोतला ‘ळ’ ठेवला, आणि खाली वेगवेगळं लिहिलं, हा उस्तादांचा, हा आबांचा. बाकीची अक्षरं अजून व्हायची आहेत. स्टॅबिलायझर बंदच आहे. वेळ पुरेल का, हात पुरेल का, याची काळजी आहेच. सरांना ही थरथर चालेल का, तिचे मार्क जातील का, हीसुद्धा आहे. ती म्हणते, ते माझं मी बघते.

तुमच्या मातीला शेठ आले होते. कब्रस्तानच्या दाराबाहेर टोपी हातात घेऊन उभे होते, म्हातारे झालेले. मला बाजूला घेऊन म्हणाले, "का रे, उस्ताद माझ्यावर कशापायी रुसले होते? दोन वर्षं दुकानावरून जायचे, पण पायरी चढले नाहीत. मी काय चुकलो?" मी म्हणालो, "तब्येत बरी नव्हती, शेठ." ते मान हलवत राहिले. पुढच्या वर्षी तेही गेले.

हे मी वहीच्या कागदावर लिहितो आहे, काठी आडवी टाकून, डावीकडून, कारण पत्र उजवीकडून लिहिता येत नाही. अक्षर फार हललं आहे. टपालात टाकायचं तर पत्ता नाही, आणि असता तरी मी टाकलं नसतं. खरं सांगायचं तर तुम्हाला मराठी वाचता येत नाही म्हणूनच एवढं लिहायची हिंमत झाली. तुम्ही कागद हातात धराल, चित्र बघावं तसा बघाल, आणि मधले ‘ळ’ तेवढे शोधाल. ते हलतायत, उस्ताद. आता ते तुम्हाला ओळखू येतील.

त्या सकाळी रस्त्याच्या पलीकडं तुम्ही मला विचारलं होतंत, "सेठ बोले क्या, मिटाने कू?" आणि मी मान हलवली होती, व्हय म्हणून. शेठ काहीच बोलले नव्हते. त्यांनी वर बघितलंसुद्धा नव्हतं. ते पायरीवर दोन कप मांडून तुमची वाट बघत बसले होते.